करजणच्या चिरंजीवांचे बूट

मुंबईहून बडोद्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी नर्मदेचा पूल ओलांडून भरूच मागे पडल्यावर, काळ्या मातीच्या कपाशीच्या शेतांमध्ये, ‘मियागाम करजण’ ही पाटी गाडीच्या खिडकीतून कधी ना कधी वाचली असेल. वाचली असेल आणि विसरलीही असेल, कारण बहुतेक जलद गाड्या तेथे थांबण्याची तसदी घेत नाहीत. वस्तुतः या स्थानकाचा मान मोठा. बडोद्याच्या गायकवाड सरकारने १८६२ साली डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची वाट घातली, ती आपल्या देशातील पहिली अरुंद रेल्वे. आणि आरंभीची काही वर्षे तिचे डबे चक्क बैल ओढीत असत! इंजिने मागाहून आली. बैलांची ही हकिगत आम्ही उगाच सांगत नाही; पुढे तिचा उपयोग आहे.

आम्ही करजणला उतरलो ते एका पत्रामुळे. मूळचे आपल्या बाजूचे एक कुटुंब महामार्गालगतच्या कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने गेली वीसएक वर्षे तेथे राहत आहे. घरात आजी, आईवडील, एक शाळकरी मुलगी आणि बडोद्यास महाविद्यालयात जाणारे चिरंजीव. आईने लिहिले होते : “मुलगा शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी नको, बूट करणार म्हणतो. त्याचे पप्पा दोन महिने त्याच्याशी धड बोललेले नाहीत. तुम्ही बडोद्याला येणारच आहात, तर वाटेत उतरा आणि त्याला दोन शब्द सांगा.” दोन शब्द सांगण्याचे काम आमच्यासारख्यांना फार आवडते. आम्ही ते गाडीतच जुळवून ठेवले होते आणि, कबूल करावयास हरकत नाही, ते सर्वस्वी पप्पांच्या बाजूचे होते.

चिरंजीवांनी खाटेखालून खोकी ओढून काढली. आत कॅनव्हासचे बूट होते, पण कसे? एकावर नर्मदेचा पूल, दुसऱ्यावर पिठोऱ्याचे घोडे, तिसऱ्यावर कपाशीचे बोंड उमललेले. बाजारातून साधा पांढरा जोड आणावयाचा, घेणाऱ्याच्या आवडीप्रमाणे त्यावर चित्र रंगवावयाचे आणि मूळ किमतीच्या तिप्पट दराने तो विकावयाचा, असा त्यांचा उद्योग. वर्षभरात अकरा जोड गेले होते. ज्यांस ही तरुण मंडळी ‘स्नीकर’ म्हणतात ते म्हणजे दुसरे काही नसून, आपण शाळेत कवायतीच्या दिवशी खडू फासून पांढरे करीत होतो त्याच रबरी तळाच्या कापडी बुटांचे शहरात जाऊन शिकलेले भावंड होय. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, तिच्यातून या बुटांचा तळ निघाला. खेळाडूंच्या पायांतील ही वस्तू पुढे रस्त्यावर आली, आणि आज तिचे काही जोड सोन्याच्या भावाने विकले जातात.

त्या भावाची एक गोष्ट वाचकांना सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या वर्मी लागणारी आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन भागात काही तरुणांची एक मंडळी आहे. त्यांनी २०१९ साली नायके कंपनीचे बूट विकत घेतले, त्यांच्या तळाच्या पोकळीत यार्देन नदीचे आशीर्वादित पाणी भरले, वर लहानसा क्रूस अडकवला आणि त्यांना येशूचे बूट म्हणून विकले. संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायाच्या पंचविसाव्या ओवीत प्रभू पाण्यावरून चालत येतो, म्हणून किंमत चौदाशे पंचवीस डॉलर! जोड पाहता पाहता संपले. दोन वर्षांनी त्याच मंडळीने सैतानाच्या नावाने ६६६ जोड काढले, तळात मानवी रक्ताचा थेंब घातला, तेही एका मिनिटाच्या आत खपले. नायकेने मात्र या दुसऱ्या खेपेस कोर्टात धाव घेतली आणि एप्रिल २०२१ मध्ये तडजोड होऊन ज्यांना नको असतील त्यांचे बूट परत घेण्याचे ठरले. पवित्र पाण्याच्या वेळी कोणी कोर्टात गेले नाही, याचे आम्हांस थोडे वाईट वाटते. परंतु आज आमचा मुद्दा निराळा आहे. दुसऱ्याने केलेल्या बुटावर आपली कल्पना चढवून विकणाऱ्याच्या पायाखालची जमीन त्याची स्वतःची नसते. मूळ मालकाने मनात आणले की ती सरकते.

हे आम्ही बोलून दाखवताच पप्पांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, “अहो, कोर्ट राहू द्या. ती पिशवी दाखव ना यांना.” चिरंजीवांनी मान खाली घालून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. आत एक जोड होता, चामड्याचा. एका मित्राने भावाच्या लग्नासाठी तो रंगवून घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात चवड्याजवळ, जेथे बूट प्रत्येक पावलास दुमडतो तेथे, रंगाला भेगा पडून पोपडे निघाले होते. “पाहिलंत?” पप्पा म्हणाले. “हा याचा धंदा.”

आम्ही तो बूट हातात घेतला आणि विचारले, “मग मित्राचे काय केले?”

“पैसे परत दिले,” चिरंजीव म्हणाले. “आणि बूट मागून घेतला. का फुटला ते बघायचं होतं.”

का फुटला, हे त्यांनी शोधून काढले होते. कारखान्यातून येणाऱ्या चामड्यावर चकाकीचा एक पातळ थर असतो. तो ॲसिटोनने पुसून काढल्याखेरीज रंग आत मुरत नाही, वरच बसून राहतो. शिवाय यांनी भिंतीस लावावा तसा एकच जाड हात दिला होता. चामड्यासाठी वाकणारा रंग वेगळा मिळतो, तो पाण्यासारखा पातळ करून चारपाच वेळा, प्रत्येक थर वाळू देऊन चढवावा लागतो. हे त्यांनी पुढे एका जुन्या बुटाच्या दोन बाजूंवर दोन्ही रीतींनी करून, तो बूट घालून महिनाभर हिंडून पडताळले होते. एक बाजू फुटली, एक राहिली. वहीत तारखा लिहिलेल्या होत्या.

वाचकहो, आम्ही गाडीत जुळवलेले दोन शब्द येथे आमच्या हातून सुटले. जो मुलगा मागणी न होताही दाम परत करतो आणि बिघडलेला माल आपल्याकडे परत मागतो, त्याला ‘हा तुझा धंदा नव्हे’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

तथापि चिरंजीवांचीही एक समजूत आम्हांस चुकीची वाटली आणि ती आम्ही त्यांना स्पष्ट सांगितली. बुटावर चित्र काढता आले म्हणजे बूट करता आला असे नव्हे. बूट करावयाचा म्हणजे आधी फर्मा पाहिजे. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा. त्याच्यावरच सगळा बूट चढतो, ताणला जातो, आकार घेतो. उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा, आणि मापागणिक नवी जोडी. फर्म्यावरून कागदी साचे, साच्यांवरून कापलेले तुकडे, तुकड्यांची शिलाई, मग तो वरचा भाग फर्म्यावर ओढून खाली तळ चिकटवणे. तळ रबरात ओतावयाचा तर प्रत्येक मापास धातूचा कोरीव साचा लागतो, आणि त्याचा खर्च एकट्या माणसास झेपणारा नसतो. म्हणून स्वतंत्रपणे काम करणारे बहुतेक लोक तयार तळ विकत घेतात आणि आपले कसब वरच्या भागात दाखवतात. यात कमीपणा काही नाही. गायकवाडांनीही आधी बैलच जुंपले होते.

आजी इतका वेळ जपमाळ हातात घेऊन ऐकत होत्या. त्या एकाएकी म्हणाल्या, “आमच्या वेळेला बूट हातात धरून देवळापर्यंत जायचो. पायरीवर बसून पाय पुसायचे आणि मग घालायचे. मिस्सा झाली की परत काढायचे. माझ्या पहिल्या कम्युनियनचे बूट नंतर माझ्या दोन बहिणींनी घातले.”

आजींच्या या बोलण्याने आम्हांस एका इटालियन मुलाची आठवण झाली. साल्वातोरे फेरागामो हा नेपल्सच्या मुलखातील बोनितो या खेड्यात १८९८ साली जन्मला; चौदा भावंडांतील अकरावा. त्याला लहानपणापासून गावच्या चर्मकाराच्या दुकानात बसावयाची हौस. आईबापांस ते मुळीच पसंत नव्हते, कारण त्या गावात बूट शिवणे हा सर्वांत हलका धंदा समजला जाई. हा नऊ वर्षांचा असताना बहिणीचा पहिला ख्रिस्तप्रसाद आला. पांढरे बूट घेण्याची ऐपत घरात नव्हती. या पोराने शेजारच्या चर्मकाराकडून थोडे पांढरे कापड, पुठ्ठा व हत्यारे मागून आणली आणि रात्र जागून बूट केले. सकाळी बहीण ते घालून देवळात गेली. त्यानंतर आईबापांचा विरोध संपला.

पुढे तो नेपल्सला शिकला, अमेरिकेस गेला, बॉस्टनजवळच्या कारखान्यात यंत्रांवर धडाधड निघणारे बूट पाहून खट्टू झाला, आणि कॅलिफोर्नियात जाऊन सिनेमातल्या नटनट्यांसाठी हाताने बूट करू लागला. त्याचे बूट सुंदर होते. तरी ते पायास का दुखतात हे त्याला उमगेना. म्हणून त्याने विद्यापीठात जाऊन शरीररचनाशास्त्राचे पाठ घेतले! उभ्या माणसाचा भार पावलाच्या कमानीवर येतो हे त्याने तेथे ताडले आणि कमानीस आधार देण्यावर आपली सारी विद्या उभारली. १९२७ साली तो मायदेशी परतून फ्लॉरेन्सला स्थायिक झाला. १९३३ साली त्याचे दिवाळे निघाले, हेही पप्पांच्या माहितीसाठी सांगितले पाहिजे. तो पुन्हा उभा राहिला. इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केल्यावर राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, कमानीखाली घालण्याचे चांगले पोलाद मिळेना. तेव्हा त्याने बुचाच्या झाडाच्या सालीचे तुकडे जोडून टाचेपासून चवड्यापर्यंत भरीव तळ केला. आज जगभर बायका तशा तळाचे बूट घालतात. १९६० साली तो वारला तेव्हा जगातील बड्या बड्या लोकांच्या पावलांचे लाकडी फर्मे त्याच्या दुकानात मांडलेले होते.

“ते इटलीत,” पप्पा म्हणाले. “आपल्यात कोणी केलंय का?”

प्रश्न रास्त होता. सुदैवाने उत्तरही आहे. आशय भावे हा मराठी आडनावाचा तरुण दुबईतील ॲमिटी विद्यापीठात शिकत असताना टाकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे काय करावे याचा विचार करू लागला. उष्णता आणि दाब यांनी पिशव्यांचे थर एकजीव करून, कोणतेही रसायन न घालता, चामड्यासारखे एक कापड होते असे त्याला आढळले. विद्यापीठातील एका स्पर्धेत ही कल्पना पहिली आली, दुबईतल्या एका इटालियन गृहस्थाचे पाठबळ मिळाले, आणि २०२१ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने आपले स्नीकर बाजारात आणले. नाव ठेवले ‘थैली’. एका जोडीत दहा पिशव्या आणि बारा बाटल्या जातात. पिशव्यांचे कापड गुडगावला होई, बाटल्यांच्या धाग्यापासून अस्तर व नाड्या, तळ जुन्या रबराचा, आणि बुटाची बांधणी पंजाबातील जालंधरच्या कारखान्यात. किंमत तेव्हा नव्याण्णव डॉलर होती. खोक्याच्या पुठ्ठ्यात तुळशीचे बी घातलेले, म्हणजे खोके मातीत पुरले की रोप यावे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उद्योगपती आनंद महिंद्र यांनी, असा उद्योग आपल्या देशात आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हते, अशी जाहीर कबुली देऊन पैसे गुंतवण्याची इच्छा दाखवली.

चिरंजीवांना हे सर्व पाठ होते. आम्ही त्यांचे लक्ष वेधले ते एवढ्याकडेच की, भावे यांनी नव्या चित्राने आरंभ केला नाही, नव्या कापडाने केला. आणि बूट बांधण्याचे काम ज्या जालंधरात पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचे काम चालत आले आहे तेथे नेले. हात ज्याचे बसलेले आहेत त्याच्याकडे जाण्याची बुद्धी ही लहान बुद्धी नव्हे.

येथे आम्हांस पप्पांच्या मनातील खरा काटा दिसला. कोर्ट, भेगा, दिवाळे ही सारी निमित्ते होती. आई चहा आणावयास आत गेल्या तसे ते हळूच बोलले, “मामालोक काय म्हणतील? मुलाला शिकवला आणि मोची केला?” ख्रिस्ती घरांत अशी भाषा आता राहिलेली नाही असे समजणाऱ्यांची आम्हांस कीव येते. ती आहे, फक्त पाहुणे गेल्यावर बोलली जाते. चर्मकारांचे आश्रयदाते संत क्रिस्पिन आणि संत क्रिस्पिनियन यांचा सण २५ ऑक्टोबरला येतो. ते दोघे दिवसा धर्मोपदेश करीत आणि रात्री बूट शिवीत, अशी परंपरा सांगते. त्यांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावावयास आपली हरकत नसते, त्यांच्या हातातली आरी तेवढी आपल्या घरात नको असते.

या तिरस्काराची किंमत कोण देतो, ते कोल्हापुरात पाहावे. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेल्या चामड्याची ती चप्पल आपल्या चर्मकार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने थेट तशाच चपला आपल्या पुरुषांच्या पेहेरावात दाखवल्या, आणि कोल्हापूरचे नाव सुद्धा घेतले नाही. इकडे ओरड झाल्यावर प्रेरणा कोठली ते तिने मान्य केले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून, येथील कारागिरांकडून दोन हजार जोड करवून सुमारे आठशे युरोंना विकण्याचे जाहीर केले. आठशे युरो! ज्या हातांची आपल्याला लाज वाटते त्यांच्या कामाची ही किंमत. मुंबईत सुधीर राजभर या कलावंताने तर शिवी म्हणून फेकला जाणारा जातिवाचक शब्दच आपल्या उद्योगाच्या नावात घेतला. २०१५ च्या गोवंशहत्याबंदीनंतर धारावीतील ज्या चामडे-कारागिरांचे काम बुडाले, त्यांच्याकडून तो जुन्या रबराच्या पिशव्या व वस्तू करवून घेतो, आणि त्या परदेशातील प्रदर्शनांत मांडल्या जातात.

पप्पा काही बोलले नाहीत. पण थोड्या वेळाने त्यांनी कराचे विचारले, आणि कराचे विचारणारा माणूस अर्धा राजी झालेला असतो, असा आमचा अनुभव आहे. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीस पाच टक्के आणि त्यावरील जोडीस अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे, असे चिरंजीवांनीच सांगितले. “म्हणजे दर अडीच हजाराच्या आतच ठेव,” पप्पा तत्काळ म्हणाले. दोन महिन्यांतले मुलाशी बोललेले त्यांचे हे पहिलेच सरळ वाक्य, असे आईंनी मागाहून आमच्या कानात सांगितले.

मग बोलणे मार्गाला लागले. पादत्राणांची आखणी व घडण शिकवणारी केंद्र सरकारची संस्था १९८६ साली स्थापन झाली आणि २०१७ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिची एक शाखा अंकलेश्वरला आहे. करजणहून भरूच, भरूचहून नर्मदेपलीकडे अंकलेश्वर. गाडीने जाऊन येण्यासारखे. बडोद्याच्या त्या शेवटच्या वर्षाची परीक्षा चिरंजीवांनी द्यावी, हा हट्ट आम्ही पप्पांच्या वतीने धरला आणि तो मान्य झाला. त्यानंतर तेथे जाऊन चौकशी करावी, आणि त्याआधीच्या सुट्टीत गावातील एखाद्या वृद्ध मोच्याकडे रापी आणि आरी धरावयास शिकावे. चिरंजीव थोडे घुटमळले, कारण त्यांच्या बडोद्याच्या मित्रांनी त्यांना तेथे बसलेले पाहिले तर काय, हा काटा त्यांच्याही मनात होताच. आजींनी मधेच विचारले, “त्या म्हाताऱ्याला आपल्याकडे जेवायला बोलवायला काय हरकत आहे?” त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

निघण्यापूर्वी आम्ही आमच्यासाठी एक जोड सांगितला. चित्राविना, साधा, काळा, आमच्या पायाचा. चिरंजीवांनी वर्तमानपत्राचा कागद अंथरून आमचे पाऊल पेन्सिलीने आखले, चवडा, कमान आणि घोटा फितीने मोजले. डावे पाऊल उजव्याहून थोडे मोठे निघाले. साठी उलटून गेली तरी ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, आणि डाव्या बुटाविषयीच्या आमच्या आयुष्यभराच्या तक्रारीचा उलगडा झाला. पहिलाच जोड आहे, बिघडेल, सहा महिने लागतील, असे चिरंजीवांनी बजावले. आम्ही आगाऊ म्हणून पाचशे रुपये पुढे केले. ते त्यांनी घेतले नाहीत.

पप्पांनी घेतले, आणि वहीत नीट तारीख घालून लिहून ठेवले.